हात लावायचा नाही हं!

गोष्ट एका शनिवारची. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली, ऑफिसमध्ये रिलीजची धामधूम, आणि मी नि नवरा आमच्या साडेतीन वर्षांच्या चिरंजिवांना घेऊन एका प्रीस्कूलच्या ‘ओपन हाऊस’ला हजर. नुसते हजर नाही, तर नटूनथटून हजर. नवऱ्याने तर क्लायंट मीटिंगचा शर्ट बाहेर काढला होता. इंटरव्ह्यू चिरंजिवांचा की आमचा, हे आम्हालाच नक्की माहीत नव्हतं ना!

शाळा एकदम चकाचक. एसी रिसेप्शन, कॉफी मशीन, आणि भिंतीवर हा एवढा मोठा फोटो. त्यात चार गोरीगोमटी मुलं कोपरापर्यंत चिखलात हात घालून खिदळतायत, आणि वर लफ्फेदार अक्षरांत ‘हॅण्ड्स-ऑन लर्निंग’. खालच्या शेल्फवर लाकडी ठोकळ्यांचा एक सुंदर गुलाबी मनोरा होता. आमचे चिरंजीव थेट तिकडे गेले आणि त्यांनी वरचा ठोकळा उचलला.

‘नो नो बेटा, हात लावायचा नाही हं! ते डिस्प्लेसाठी आहे,’ काऊन्सेलर मॅडम गोड आवाजात म्हणाल्या.

मंडळी, मला तिथेच हसू फुटलं. पण पुढे फीचा कागद हातात आला आणि हसू पळालं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मिळून मी जेवढी फी भरली नाही, तेवढी हे लोक एका वर्षाची मागत होते. तीही नर्सरीची!

त्याच दिवशी दुसरी शाळा पाहिली. फी निम्मी. फोटोबिटो काही नाही, पण तिथल्या बाईंनी अभिमानाने वह्यांचा गठ्ठा पुढे ठेवला. ‘बघा, ज्युनिअर केजीच्या दिवाळीपर्यंत आमची मुलं ए टू झेड आणि एक ते पन्नास लिहितात.’ ओळीत बसवलेली ती टपोरी अक्षरं बघून नवरा विरघळलाच. ‘इथे निदान दाखवायला काहीतरी आहे,’ तो गाडीत म्हणाला. मी म्हटलं, ‘कुणाला दाखवायला?’ झालं. सिग्नलपासून सोसायटीच्या गेटपर्यंत कडाक्याचं भांडण. दोन्ही फॉर्म दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारपर्यंत द्यायचे होते. फॉर्म बॅगेत टाकले आणि आम्ही दिवाळीला सासरी निघालो. मेहकरला.

मेहकर कुठे आहे हे ऑफिसात मला दर वर्षी सांगावं लागतं. बुलडाणा जिल्हा, पैनगंगेच्या काठी. लोणार सरोवर माहितीये? त्याच्या शेजारचा तालुका. पुण्याहून चारशेच्या आसपास किलोमीटर. जालन्यापासून समृद्धी महामार्ग धरला की रस्ता लोण्यासारखा, पण पोचेपर्यंत दिवस जातोच. गावात शारंगधर बालाजीचं देऊळ आहे. काळ्या पाषाणाची ती उंच, देखणी मूर्ती १८८८ साली जमीन खोदताना सापडली. ही गोष्ट ऐकल्यावर चिरंजिवांचा पहिला प्रश्न, ‘कुणी खोदलं? मलापण खोदायचंय.’ अंगणात पाय ठेवताक्षणी त्यांनी चमच्याने कामाला सुरुवातही केली. मी सवयीने ओरडले, ‘अरे हात घाण होतील, हात नको लावूस!’

आणि माझ्या डोक्यात लख्खकन त्या काऊन्सेलर मॅडम चमकून गेल्या. त्यांच्यात नि माझ्यात फरक काय? त्यांचा आवाज गोड होता, एवढाच.

सासूबाई ओट्यावर धान्य निवडत होत्या. सोयाबीन नुकतं घरात आलेलं, खोलीत पोत्यांची थप्पी लागलेली. त्यांनी नातवाकडे एकदा पाहिलं, आत गेल्या, आणि पितळेचा जुना शेर नि पायली घेऊन आल्या. एक घमेलंभर सोयाबीन त्याच्यापुढे ओतलं आणि आपल्या कामाला लागल्या. ना सूचना, ना ‘बघ हं बेटा, असं करायचं’.

पुढचा पाऊण तास आमच्या घरात जे झालं ते मी पुण्यात कधीच पाहिलं नव्हतं. ज्या मुलाला जेवताना एका जागी बसवायला मोबाईल लागतो, तो मुलगा पाऊण तास जागचा हलला नाही. शेर भरायचा, पायलीत ओतायचा. परत भरायचा. शेर सांडला की दाणे वेचायचे. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की शेर काठोकाठ भरला तर नेताना सांडतो, जरा कमी भरला तर सांडत नाही. मग लक्षात आलं की चार वेळा ओतलं की पायली भरते. त्याने ते तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा चारच! मग धावत माझ्याकडे आला, ‘आई, आई, चारच बसतात!’ आर्किमिडीजचा चेहरा याहून वेगळा नसणार.

मी मात्र जमिनीवर पसरलेले दाणे बघून कासावीस. ‘आई, अहो किती सांडतोय तो!’

‘सांडते तं सांडू दे वं,’ सासूबाई सुपावरची नजर न काढता म्हणाल्या. ‘उचलते नं थोच. तू काहून हात घालतं त्याच्यात?’

आता तुम्ही म्हणाल, गावची आजी, अंगण, पितळेचा शेर, म्हणजे नेहमीचंच ‘गावाकडे सगळं छान’ पुराण. थांबा. गोष्ट इतकी सोपी नाही.

शेजारीच चुलत दीर-जाऊ राहतात. त्यांची साडेचार वर्षांची मुलगी ‘कॉन्व्हेंट’ला जाते. विदर्भात इंग्रजी केजी चालवणाऱ्या कुठल्याही शाळेला लोक कॉन्व्हेंट म्हणतात. तिथे नन असायलाच हवी असं मुळीच नाही. टाय, बूट, पाठीवर दप्तर, दारात व्हॅन. जावेने कौतुकाने तिच्या वह्या दाखवल्या. पुन्हा तीच टपोरी अक्षरं, ए टू झेड! नवऱ्याने माझ्याकडे ‘बघ’ अशा नजरेने पाहिलं.

जाऊ म्हणाली, ‘आधी अंगणवाडीत टाकलं होतं हो वहिनी. पण तिथं काही शिकवतच नाहीत. नुसते खेळतात पोरं.’

गल्लीच्या टोकाला ती अंगणवाडी. सुट्टी लागायला दोन दिवस होते म्हणून चिरंजिवांना घेऊन सहज डोकावले. एक खोली, भिंतीवर रंगवलेली फळं आणि प्राणी, कोपऱ्यात वजनकाटा, मागे खिचडी शिजल्याचा वास. डझनभर मुलं खाली सतरंजीवर. सेविकाताईंपुढे सीताफळाच्या बियांचा डबा, चिंचोके आणि प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं. एक मुलगा बारीक तोंडाच्या बाटलीत एकेक बी टाकत होता, जीभ बाहेर काढून, जगातलं सगळ्यात महत्त्वाचं काम चालल्यासारखा. दोन मुली झाकणांची रंगवार रांग लावत होत्या. आमचा शहरी बाळ पाच मिनिटं माझ्या ओढणीत लपला. सहाव्या मिनिटाला त्याच्या मुठीत चिंचोके!

मी विचारलं, ‘ताई, ह्या बिया कशासाठी?’

त्यांनी हवेत तीन बोटं जुळवून दाखवली. ‘ही चिमूट पक्की झाली पाहिजे मॅडम. बी उचलायला, रांगोळी सोडायला, पेन्सिल धरायला हीच तीन बोटं लागतात. चिमूट पक्की झाली की पेन्सिल लेकरू आपसूक धरतं.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘पण आईबापाला वही दिसली पाहिजे. बी दिसून काय उपयोग? चार वर्षांचं झालं की काढून नेतात लेकरू. सकाळी यांची वजनं घ्या, खिचडी बघा, मोबाईलवर माहिती भरा, गरोदर बायांच्या घरी जा... आणि उरलेल्या वेळात हे. रोज जमतंच असं नाही.’

त्या शेवटच्या वाक्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटला. पुण्याच्या ओपन हाऊसमध्ये ‘रोज जमतंच असं नाही’ म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं.

गंमत बघा. पुण्यात मी ज्या गोष्टीसाठी लाखात पैसे मोजायला निघाले होते, ती मेहकरच्या गल्लीत फुकट होती. आणि गल्लीतली माणसं पोटाला चिमटा काढून, पैसे भरून, तिच्यापासून मुलांना दूर नेत होती. दोघांनाही एकच भीती. आपलं पोर मागे तर पडणार नाही ना?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ती भीती आमच्या दिवाणखान्यातच येऊन बसली. सगळे जमलेले. कुणीतरी काकांनी पुतणीला कागद दिला, ‘नाव लिही बरं तुझं.’ तिने झोकात लिहिलं, इंग्रजीत. टाळ्या! मग कागद आमच्या चिरंजिवांकडे. त्यांनी कागद बाजूला सारला, दारातल्या रांगोळीची चिमूट आणली आणि फरशीवर एक वाकडातिकडा गोल काढून म्हणाले, ‘ही पायली.’ सगळे खो खो हसले. प्रेमानेच हसले, पण नवऱ्याचा चेहरा मी पाहिला. रात्री तो हळूच म्हणाला, ‘आपण प्रयोग करतोय का त्याच्यावर? फसला तर?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग, झोप लागत नाही तेव्हा आपली पिढी जे करते तेच केलं. वाचत बसले. आणि जे कळलं त्याने मी गादीवर उठून बसले.

आपण ‘मॉन्टेसरी’ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? इम्पोर्टेड लाकडी साहित्य, पेस्टल भिंती आणि लठ्ठ फी. पण मारिया मॉन्टेसरी या इटालियन डॉक्टरबाईंनी आपलं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी उघडलं ते रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत. आईबाप दिवसभर मजुरीला, मुलं चाळीच्या जिन्यांवर हुंदडणारी. त्या मुलांसाठी! श्रीमंतांच्या मुलांसाठी नाहीच. त्या मुलांना हाताने करायच्या वस्तू दिल्या आणि निवडायची मोकळीक दिली, तर ती तासन्‌तास एकाग्र होतात, हे बाईंच्या लक्षात आलं. पुढे १९३९ साली त्या भारतात आल्या. महायुद्धामुळे इथेच अडकल्या आणि १९४६ पर्यंत त्यांनी इथल्या शिक्षकांना धडे दिले.

पण त्यांच्याही आधी हा विचार आपल्याकडे पोचला होता. गुजरातेत गिजुभाई बधेका नावाचे एक वकील होते. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करताना त्यांच्या हाती मॉन्टेसरीबाईंचं लिखाण पडलं, वकिली सुटली आणि १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू झालं. भरघोस मिशांच्या या माणसाला लोक ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई म्हणायचे. १९२३ साली त्यांना एक मराठी बाई येऊन मिळाल्या, ताराबाई मोडक. जन्म मुंबईचा, शिक्षण मुंबईत, लग्नानंतरचा संसार आमच्या वऱ्हाडात, अमरावतीला. तो संसार टिकला नाही. राजकोटला नोकरी करून लहान मुलीला घेऊन त्या भावनगरला पोचल्या. सिंगल मदर, वर्किंग वुमन... आपण हे शब्द शिकायच्या कितीतरी आधी!

१९२६ साली या मंडळींनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं. शहरातल्या सुशिक्षित घरांना बालशिक्षण पटू लागलं होतं. इथेच थांबल्या असत्या तर त्या आणखी एका चांगल्या शाळेच्या संस्थापक ठरल्या असत्या. पण १९४५ साली त्या उठल्या आणि बोर्डीला गेल्या, खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढायला. सोबत अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, त्यानंतर शिक्षण, पुण्याला हुजूरपागेत शिक्षिकेची नोकरी. ती सोडून पस्तिसाव्या वर्षी अनुताई बोर्डीला आल्या, त्या परत फिरल्याच नाहीत.

बोर्डीत अडचण अशी की बालवाडी होती, पण ज्यांच्यासाठी काढली ती वस्तीवरची मुलं येईनात. कोण आणून सोडणार? आई मजुरीला, धाकटं भावंड कडेवर. मग या दोघींनी साधा उपाय केला. मूल शाळेत येत नाही ना? मग शाळा मुलाच्या अंगणात नेऊ. वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरायला लागली. अंगणातली वाडी, म्हणून अंगणवाडी!

१९५७ साली काम डहाणूजवळ कोसबादच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. गुरं राखणारी मोठी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरली. तिचं नाव कुरणशाळा. मॉन्टेसरीचं महागडं साहित्य तिथे कुठून आणणार? मग शंख-शिंपले आले, गोटे आले, बिया, पानं, फुलं, माती आली. मोजायला खडे, रंग ओळखायला पानं. जे मुलाच्या हाताशी आहे तेच साहित्य. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि देशभर गल्लोगल्ली तिची जी केंद्रं निघाली त्यांचं नाव अंगणवाडी. ताराबाई त्याआधीच, १९७३ साली गेल्या होत्या. अनुताई १९९२ साली जाईपर्यंत कोसबादलाच राहिल्या.

म्हणजे मेहकरच्या गल्लीतल्या त्या खोलीत, सीताफळाच्या बियांच्या डब्यात, रोम, भावनगर आणि कोसबाद असा सगळा प्रवास होता. आणि आम्ही म्हणत होतो, ‘नुसते खेळतात.’

आता जरा त्या चिमटीकडे येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. आपल्या मनगटात आठ छोटी छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच, नुसती मऊ कूर्चा असते. पुढच्या कित्येक वर्षांत ती एकेक करून घट्ट होत जातात. तळहाताचे आणि बोटांचे बारीक स्नायूही असेच सावकाश तयार होतात. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन दोन ओळींत अक्षर बसव म्हणणं म्हणजे ज्याला अजून नीट धावता येत नाही त्याला दोरीवरून चालायला लावणं. कणीक मळणं, ओतणं, कपडा पिळणं, मटार सोलणं, मणी ओवणं, चिखल थापणं, ही त्या हाताची खरी बाराखडी. आणि हात काम करतात तेव्हा डोकं रिकामं बसलेलं नसतं. चार शेरांची पायली हे माप आहे, मोजणी आहे, अंदाज आहे. ‘कमी भरला तर सांडत नाही’ हा तर चक्क निष्कर्ष आहे. कुणी सांगितलेला नव्हे, स्वतः काढलेला. अशी गोष्ट विसरायला होत नाही.

दुसऱ्या दिवशी पुतणी माझ्याजवळ बसून होमवर्क करत होती. सुट्टीचा होमवर्क, साडेचार वर्षांच्या मुलीला! पेन्सिल सगळ्या मुठीत आवळलेली. इतका दाब की कागदाला मागून वळ उठलेले. दोन ओळी झाल्यावर तिने हात झटकला आणि सहज म्हणाली, ‘काकू, हात दुखतो.’

नवरा शेजारीच पेपर वाचत होता. पेपर खाली आला. तो काही बोलला नाही. तिच्यापुढची वही हळूच मिटली आणि म्हणाला, ‘चल, कणीक घेऊ आणि चिमण्या करू.’ मंडळी, लग्नाला सात वर्षं झाली. कुठलीही अ‍ॅनिव्हर्सरी गिफ्ट मला इतकी आवडलेली नाही.

जावेला मी काही शहाणपण शिकवलं नाही. मला तो हक्क नाही. माझा मुलगा उशिरा लिहायला लागला तरी घरात इंग्रजी पुस्तकं आहेत, आईबापाची इंग्रजीत नोकरी आहे. तिला वाटतं, आपल्या मुलीला शहराची गाडी पकडायची तर पहिल्याच स्टॉपवर चढायला हवं. ती भीती खरी आहे. फक्त एवढंच सांगितलं, की रोज संध्याकाळी तिला पोळ्या लाटू दे, दाणे सोलू दे, हाताला बरं वाटेल. ती हसली, ‘ते तर करतेच हो ती. त्याला काय शिक्षण म्हणतात?’

हो. त्यालाच म्हणतात. आता तर सरकारदरबारीही म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच सलग ‘पायाभूत’ टप्पा मानला, खेळातून आणि कृतीतून शिकायचा. २०२३ साली केंद्राने ‘जादुई पिटारा’ नावाची खेळण्या-गोष्टींची पेटी काढली. आणि हे सगळं व्हायच्या कितीतरी आधी, १९९३ साली, प्रा. यशपाल समितीने नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलांच्या परीक्षा नि मुलाखती बंद करा म्हणून सांगितलं होतं. कागदावर सगळे शहाणेच आहेत. पण कागद आणि सतरंजी यांच्यामध्ये आपण उभे असतो, हातात वही शोधत.

तर, तुमच्यापैकी जे यंदा अ‍ॅडमिशनच्या रांगेत आहेत त्यांच्यासाठी माझी छोटी चेकलिस्ट. अनुभवातून आलेली आहे, एक्स्पर्ट वगैरे मी नव्हे. शाळा बघायला जाल तेव्हा ब्रोशर नका बघू, मुलांचे हात बघा. हात कामात आहेत की घडी घातलेले? वस्तू मुलाच्या उंचीला आहेत की काचेच्या कपाटात? भिंतीवरची चित्रं एकमेकांसारखी दिसतायत का? वीस हत्ती एकाच रंगाचे असतील तर ते मुलांनी नाही, बाईंनी काढलेत. पाणी सांडलं तर फडकं कोण आणतं, बाई की मूल? एखादं मूल एकाच खेळात रमलं तर त्याला रमू देतात की घंटा झाली म्हणून उठवतात? मूल घरच्या भाषेत बोललं तर त्याला उत्तर मिळतं की ‘स्पीक इन इंग्लिश’? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बाईंकडे वेळ आहे का? एका बाईंच्या वाट्याला किती मुलं, हे लाजू नका, सरळ विचारा.

सोमवारी आम्ही दोन्ही फॉर्म दिले नाहीत. घरापासून दहा मिनिटांवर एका जुन्या बंगल्यात बालवाडी चालते. एसी नाही. कॉफी मशीन तर नाहीच नाही. आम्ही गेलो तेव्हा बाईंच्या ओढणीला माती लागलेली होती आणि एक मुलगी एकटीच बादलीतलं पाणी मगाने झाडांना घालत होती, अर्धं झाडांना नि अर्धं स्वतःच्या बुटांत. कुणी तिला ओरडत नव्हतं. चिरंजिवांनी आत जाऊन पहिल्याच वस्तूला हात लावला. मी दचकून बाईंकडे पाहिलं. त्या दुसऱ्याच मुलाशी बोलत होत्या. मराठीत!

निर्णय बरोबर आहे का? माहीत नाही. पुढच्या दिवाळीला पुतणी वाक्यं लिहील आणि आमचे चिरंजीव बहुधा अजून पायल्याच काढत असतील. काका पुन्हा कागद पुढे करतील, आणि आम्हाला पुन्हा धस्स होईल. ते सहन करणं हा आमच्या वाट्याचा होमवर्क.

आणि खरं सांगू का? शाळा निवडणं त्यातल्या त्यात सोपं निघालं. अवघड आहे ती सकाळ. साडेआठची कॅब, नऊला स्टॅण्ड-अप, आणि चिरंजीव दारात उभे, ‘मी बटण लावणार. मीच.’ चार बटणं. मी लावली तर वीस सेकंद. त्यांनी लावली तर नऊ मिनिटं, घड्याळ लावून मोजलेली. त्यातही पहिलं बटण दुसऱ्या काजात जातं, मग सगळं परत सोडायचं. खाली कॅबवाला हॉर्न वाजवतो. माझी बोटं शिवशिवतात. सासूबाईंचा आवाज कानात येतो, तू काहून हात घालतं त्याच्यात?

मग मी दोन्ही हात पाठीमागे बांधते आणि स्वतःलाच दम देते.

हात लावायचा नाही हं!